येळवशीची तीन इंजिनं

श्रीदेवीने बॉनेटवर वाळत घातलेल्या कडक भाकऱ्या गोळा केल्या, टोपलीत एकावर एक रचल्या आणि नवऱ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "संक्रांतीला ही गाडी आपल्या पायानं शेडच्या बाहेर निघाली तर ठीक. न्हाय तर भंगारवाला येऊन नेईल. म्या बोलून ठेवलंय त्याच्याशी."

उमाशंकर गाडीभोवती फेऱ्या मारत होता, तो जागीच थांबला. "बोलून ठेवलंय म्हंजी?"

"म्हंजी बोलून ठेवलंय. तुळजापूरच्या दुकानांची आर्डर आलीया. गटातल्या बाया रोज इचारतेत, चुली कुठं मांडायच्या? काय सांगू त्यांना? डोक्यावर मांडा म्हनू?"

बाईचं म्हणणं चूक होतं असं कुणीच म्हणणार नाही. श्रीदेवीचा बचत गट कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करत असे आणि त्या भाकऱ्यांना आता माकणी गावाच्या बाहेर गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. घरामागचं पत्र्याचं शेड हवेशीर होतं, पाण्याचा नळ जवळ होता. फक्त त्या शेडच्या बरोबर मधोमध उमाशंकरची स्पोर्ट्स कार उभी होती.

गाडी देखणी होती यात वाद नाही. लालभडक, दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नाही आणि जमिनीला इतकी लागून की कोंबड्यांना तिच्यावर चढायला उडावंही लागत नसे. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून उमाशंकरने ती हौसेनेच घेतली होती. आणताना ती टेम्पोत घालून आणली, कारण तिचं इंजिन जाम होतं. आल्या आल्या ते इंजिन काढून कोपऱ्यात टाकलं आणि दुसरं कोणतं बसवायचं याचा विचार सुरू झाला. त्या विचाराला आता चार वर्षं होत आली होती.

उमाशंकरचा जीव मुळातच एका जागी न ठरणारा. स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आत तो दोनदा मंडपाबाहेर जाऊन आला होता, असं श्रीदेवी सगळ्यांना सांगत असे. त्याचं बी-बियाणांचं आणि औषधांचं दुकान होतं. तिथेही तो स्टुलावर बसे तो निम्माच. एका कानाला मोबाईल लावून तो निरनिराळ्या इंजिनांचे आवाज ऐकत बसायचा आणि हरभऱ्यावरच्या अळीचं औषध मागायला आलेल्या माणसाला "पेट्रोल का डिझेल?" असं विचारायचा. लोकांनाही आता सवय झाली होती. ते उत्तर न देता स्वतःच फळीवरून बाटली काढून घेत.

या सगळ्यात त्याचा सल्लागार होता लोहाऱ्याचा मेकॅनिक विरुपाक्ष. त्याचं मूळ गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळे बोलता बोलता तो "आयतु" म्हणत असे. आयतु म्हणजे झालं. फरक इतकाच, की बाकीचे लोक काम झाल्यावर आयतु म्हणतात आणि विरुपाक्ष काम सुरू करण्याआधी म्हणायचा. शिवाय त्याचं मत नेहमी शेवटी बोललेल्या माणसाच्या बाजूने असे.

चार वर्षांत चाळून चाळून तीन इंजिनं उरली होती. पहिलं श्रीदेवीच्या वडलांच्या, म्हणजे सिद्रामप्पांच्या जुन्या जीपचं. डिझेल, लोखंडाचा नुसता डोंगर, कधी बंद पडायचं नाही. पण ते बसवलं तर गाडीचं नाक जमिनीला टेकण्याची भीती. दुसरं उमाशंकरच्या शंभुलिंगमामांच्या तीनचाकी टेम्पोचं. ते एका हाताने उचलता येई, चिमणीने पाणी प्यावं तितकंच तेल पिई. पण त्यावर स्पोर्ट्स कार चालवायची तर उतारच शोधत फिरावं लागलं असतं. तिसरं अमरसिंहरावांच्या नव्या मोटारीचं. मोटार बाभळीवर आदळली होती आणि इंजिन मात्र ठणठणीत होतं. पळायला वाऱ्यासारखं, पण त्याला इतक्या वायरी होत्या की विरुपाक्षने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हात जोडले होते.

"परवा येळवस हाय," उमाशंकर म्हणाला. "तिघंबी शेतातच गावतील. एकदा शेवटचं बघून येतो, आन् ठरवूनच टाकतो."

श्रीदेवीने टोपली उचलली. "परवा येळवस हाय, आन् आपल्याबी शेतात पूजा हाय, हे ध्यानात हाय नव्हं?"

"दुपारच्या आत येतो की."

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आपल्याकडे गाव म्हणून काही शिल्लकच राहत नाही. दुकानांना कुलपं, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि सगळी माणसं शेतात कडब्याच्या कोपीपुढे, म्हणजे खोपटापुढे, बसलेली. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, पुढे भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यात ताकातली आंबील. त्या दिवशी कुणीही कुणाच्याही शेतात जावं आणि जेवून यावं. न जेवता परत येण्याची सोय मात्र नाही. हे उमाशंकरला जन्मापासून माहीत होतं आणि तरी तो एका सकाळीत तीन शेतं उरकायला मोटारसायकलला किक मारून निघाला, यालाच बेचैनी म्हणतात.

जीपमधून उतरवलेलं सिद्रामप्पांचं इंजिन विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यावर बसलेलं होतं. उमाशंकरने त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं तोच त्याच्यापुढे पत्रावळ आली. भज्जीचा डोंगर, त्यावर उंडे, त्यावर तूप. सासरेबुवा स्वतः आंबिलीचा तांब्या घेऊन समोर बसले.

"घ्या पाव्हणं."

"बास अप्पा. झालं."

"काय झालं? आत्ता तर बसलाव."

दुसरा तांब्या झाला. तिसरा झाला. उमाशंकरने ओळखलं की आता विषय बदलल्याशिवाय सुटका नाही. त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. "इंजिन मात्र लई भारी हाय बगा अप्पा. असलं मिळालं तर आमची गाडी उडंल."

अप्पांनी तांब्या खाली ठेवला. बाण बरोबर लागला असं उमाशंकरला वाटलं. बाण लागला होता, पण भलतीकडे.

"मिळालं तर म्हंजी? घेऊन जावा की."

"तसं न्हाय, म्हंजी म्या आजून इचार..."

"आज येळवस हाय पाव्हणं. शेतात आलेल्यानं मागितलेलं म्या न्हाय म्हनायचं नसतं," अप्पा म्हणाले आणि जावयाच्या पत्रावळीत आणखी एक उंडा ठेवला. "आन् दिलेलं तुमी न्हाय म्हनायचं नसतं. व्हय का न्हाय?"

उमाशंकरच्या तोंडात तेव्हा अख्खा उंडा होता. बाजरीचा उंडा तोंडात असताना माणसाला एकच उत्तर देता येतं. त्याने मान हलवली. अप्पांनी उठून इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि गड्याला हाक मारून उद्याच ट्रॅक्टर जोडायला सांगितलं.

शंभुलिंगमामांच्या शेतात शिरताना उमाशंकरने मनाशी पक्कं केलं होतं की इंजिनाबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलायचं नाही. पण मामांच्या प्रश्नाचा रोख वेगळाच निघाला. समोर पत्रावळ येऊनही भाचा घास चिवडत बसलाय हे त्यांनी तत्काळ हेरलं.

"कुठं जेवून आलास?"

"अप्पांकडं. जरा... इंजिन बघायला गेल्तो."

"मग?"

"दिलं त्यांनी."

प्रेमामामीच्या हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला. मामांनी लांब श्वास सोडला. "असं हाय व्हय. सासऱ्याच्या घरचं चालतंय. मामाच्या घरचं न आंबील चालत, न इंजिन चालत."

"न्हाय मामा, तसं कसं..."

"तुला अंगाखांद्यावर खेळवलं. माझ्याच टेम्पोत बसून साळंला गेलास. तवा चांगलं होतं की रं ते इंजिन!"

हे खरं होतं, आणि मामांच्या डोळ्यांत खरंच पाणी तरळलं. उमाशंकरला भरून आलं. पोट आधीच भरलेलं होतं, त्यात आता गळाही भरला. तो म्हणाला, "मामा, तुमचं इंजिन म्हंजी आपल्या घरचंच हाय."

"घरचंच हाय तर घरीच पाठवतो उद्या," मामा डोळे पुसत म्हणाले आणि लगेच ताजेतवाने झाले. "वाढ गं त्याला!"

आता खरं तर त्याने सरळ घरी जायला हवं होतं. पण माणूस दोन चुका करून बसला की तिसरी करून सगळं निस्तरेल असं त्याला वाटू लागतं. उमाशंकरने विचार केला, अमरसिंहरावांना स्पष्ट सांगून टाकू की तुमचं इंजिन नको. निदान एक तरी कमी होईल. अमरसिंहराव म्हणजे त्याच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या शेकडो एकरांचं बी आणि खत उमाशंकरच्या दुकानातून जायचं. त्यांच्या शेतात कोप नव्हतीच, मांडव होता आणि मांडवात निम्मा तालुका जेवत होता.

"या उमाशेठ!" अमरसिंहराव लांबूनच ओरडले. "पंगतीला बसवा रे यांना! आन् ऐका सगळे. ह्ये आपले उमाशेठ. ह्यांच्या रेसिंगच्या गाडीला आपल्या मोटारीचं इंजिन बसणार हाय!"

"साहेब, मी तेच सांगायला आलो होतो, की..."

"काय सांगू नका. आज देणाराचा दिवस. फुकट दिलं!" पंगतीने माना डोलावल्या. कुणीतरी फोटो काढला. पत्रावळीपुढे बसलेला, घामाघूम झालेला, पोटावर हात धरलेला उमाशंकर आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले अमरसिंहराव, असा तो फोटो दुपारपर्यंत तालुकाभर सगळ्यांच्या मोबाईलवर जाऊन पोहोचला.

उन्हं कलल्यावर तो आपल्या शेतात पोहोचला. पाहुणे येऊन जेवून गेले होते. श्रीदेवी कोपीपुढे एकटीच बसली होती आणि तिच्यापुढे दोन पत्रावळी झाकून ठेवलेल्या होत्या. नवऱ्यासाठी ती उपाशी थांबली होती. उमाशंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मांडी घातली आणि चौथ्यांदा आंबील तोंडाला लावली.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"ठरलं."

"कोणचं?"

"तिन्ही."

श्रीदेवीने उंड्यांची टोपली पुढे ओढली. मग म्हणाली, "उंडा घ्या आजून येक."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा ट्रॅक्टर आला. इंजिनाला झेंडूचा हार होता. त्याच्या मागोमाग मामा स्वतः टेम्पोचं इंजिन मांडीवर घेतल्यासारखं धरून रिक्षातून उतरले. दुपारी अमरसिंहरावांच्या जेसीबीने आपल्या पंजातून तिसरं इंजिन आणून अंगणात अलगद ठेवलं. शेडमध्ये आधी नुसती गाडी होती, आता गाडी आणि तीन इंजिनं झाली. चुलींचा विषय तर सोडाच, आत शिरायलासुद्धा अंग चोरावं लागू लागलं.

खरी आपत्ती पुढेच होती. तिघांनी आपापल्या परीने एकच निरोप ठेवला होता: संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येतो आणि आपलं इंजिन गाडीत कसं बोलतंय ते ऐकून जातो.

विरुपाक्ष आला, त्याने तिन्ही इंजिनांवर थोपटून पाहिलं. "आयतु," तो म्हणाला. "अप्पांचं बसवू. सासऱ्याचा मान."

"मग मामा जल्मात तोंड बघायचं न्हाईत माझं. भाचा सासुरवाडीचा झाला म्हनतील."

"बरोबर हाय. मामांचंच बसवू."

"आन् हिला काय सांगू? तुझ्या बापाचं बाजूला ठिवलं म्हनून?"

"ते बी खरंय. मग अमरसिंहरावांचं."

"म्हंजी सासरा आन् मामा दोघंबी गेले. आन् अमरसिंहरावांचं न बसवावं तर पेरणीला सगळं बी-बियाणं दुसऱ्या दुकानातनं घेतील!"

विरुपाक्षने डोकं खाजवलं. "अण्णा, येक पुढं आन् येक मागं बसवलं तर?"

"आन् तिसरं?"

"तिसरं शेजारच्या सीटवर."

उमाशंकरला त्या दिवसांत धड जेवता येईना की धड बसता येईना. आधी त्याला तीनपैकी एक निवडता येत नव्हतं, पण त्यात एक गोडी होती. रोज मनातल्या मनात एकेक इंजिन बसवून बघायचं, गाडी सोलापूरच्या रस्त्याला पळवून आणायची, परत काढून ठेवायचं. आता त्याच तीन इंजिनांमागे तीन माणसं उभी होती आणि प्रत्येकाचं तोंड दिसत होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो दचकायचा. फोन वाजला की उठून उभा राहायचा. भंगारवालाही एकदा शेडमध्ये डोकावून गेला आणि आता तीन इंजिनं जादा दिसल्यावर फारच आनंदी दिसला.

आणि एके सकाळी श्रीदेवी पोती आवरता आवरता कोपऱ्यात ठेचकाळली.

"आई गं! हे काय हाय इथं?"

"ते गाडीचंच. मूळचं," उमाशंकर म्हणाला. "जाम हाय ते."

"कुणी सांगितलं?"

"विरुपाक्षनं."

विरुपाक्ष गाडीखाली झोपून काहीतरी मोजत होता. तो बाहेर आला. "म्या? म्या कुठं? अण्णा, तुमीच फोनवर म्हनलाव, जाम हाय, काढून टाक. म्या काढून टाकलं."

"मला गाडी देणाऱ्यानं सांगितलं होतं."

श्रीदेवीने कंबरेवर हात ठेवले. "म्हंजी चार वर्सांत कुणी हे उघडूनच बघितलं न्हाय?"

विरुपाक्ष पान्याकडे बघू लागला. उमाशंकर पत्र्याकडे बघू लागला. चार वर्षं त्याने जगातली सगळी इंजिनं तपासली होती, आणि स्वतःच्या पायाखालचं तेवढं राहिलं होतं.

"उघडा," श्रीदेवी म्हणाली. "तिघांतलं येक बसवलं की दोघं रुसतेत. मग कुणाचंच बसवू नका."

"तिघंबी रुसतील की मग!"

"कळलं तर रुसतील. ते म्या बघते."

विरुपाक्षने इंजिन उघडलं. आत फार काही झालेलं नव्हतं. बरीच वर्षं पडून राहिल्याने पिस्टन अडकून बसले होते, इतकंच. डिझेल ओतून भिजत ठेवल्यावर आणि विरुपाक्षने लांब दांडी लावून आपलं सगळं वजन टाकल्यावर ते कुरकुरत फिरलं. रिंगा आणि पॅकिंग सोलापुरात लगेच मिळालं, कारण दिसायला गाडी कितीही परदेशी असली तरी इंजिन आपल्या रस्त्यावरच्या साध्या मोटारीचंच होतं. अंगणात जमिनीवर ठेवून ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा गटातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मग ते गाडीत चढवलं.

खरं सांगायचं तर उमाशंकरला वाईट वाटलं. गाडी वाचली याचा आनंद होताच. पण आता रोज उठून कशाचा विचार करायचा, हे त्याला कळेना. लग्नघरातून पाहुणे गेल्यावर घर कसं दिसतं, तसं त्याच्या डोक्यात झालं.

संक्रांतीला सकाळीच श्रीदेवीने गाडी धुतली, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूचा एक लांबलचक हार या आरशापासून त्या आरशापर्यंत, पुढच्या जाळीतून ओवून असा काही आवळून बांधला की बॉनेटला तसूभरही हलता येऊ नये. तीन इंजिनं तिने आदल्या दिवशीच गोठ्यामागे नेऊन ताडपत्रीखाली झाकून टाकली होती.

तिघेही पाहुणे एकदमच आले. सिद्रामप्पा सगळ्यात पुढे. "उघडा बगू, कसं बसवलंय."

"अप्पा, हार बांधलाय," श्रीदेवी म्हणाली. "संक्रांतीला सुवासिनीनं बांधलेला हार दिवस मावळायच्या आत सोडायचा नसतो."

हा नियम माकणीत त्या दिवशी सकाळीच लागू झाला होता. पण ती इतक्या गंभीरपणे बोलली की अप्पांनी मान डोलावली आणि "व्हय, आमची आई बी असंच म्हनायची," असंही ते म्हणाले.

उमाशंकर गाडीत बसला. एका किल्लीवर सासरा, मामा, गिऱ्हाईक आणि गाडी असं सगळंच टांगलेलं होतं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, थांबलं, पुन्हा खाकरलं आणि सुरू झालं.

तिघेही कान टवकारून ऐकू लागले. उमाशंकरने डोळे मिटून घेतले.

सिद्रामप्पा हळूच त्याच्या कानाशी वाकले. "डिझेलच्या इंजिनाला असं गोड बोलायला लावलंत पाव्हणं. बाकीच्यांना कळू देऊ नका. बिचाऱ्यांना वाईट वाटंल."

ते बाजूला झाले तसे शंभुलिंगमामा दुसऱ्या बाजूने आले. त्यांचे डोळे पुन्हा भरले होते. "ह्यो ठोका म्या झोपेतबी वळखीन रं. तुझ्या सासऱ्याला सांगू नगं, म्हातारं माणूस हाय."

अमरसिंहरावांनी लांबूनच डोळा मारला, मोबाईल काढला आणि आवाजासकट चित्रीकरण करून सगळीकडे पाठवून दिलं. आपलं इंजिन असल्यावर आणखी कुठला आवाज येणार, अशी त्यांची खात्री होती.

गाडी शेडमधून बाहेर निघाली. ती अंगणात पोहोचायच्या आत मागे शेडमध्ये बायांनी चुलींच्या विटा मांडायला सुरुवातसुद्धा केली. भंगारवाल्याने तिळगूळ खाल्ला आणि तो गोठ्याकडे एकवार बघून खिन्नपणे निघून गेला. उमाशंकरने गाडी गावाजवळच्या धरणापर्यंत नेली आणि परत आणली. चार वर्षांत त्याला प्रथमच शांत झोप लागली.

नंतरच्या आठवड्यात तुळजापूरचा माल निघायचा होता आणि ऐनवेळी पिकअपवाला आलाच नाही. उमाशंकर दुकानात अडकला होता. श्रीदेवीने शेजारच्या सीटवर भाकऱ्यांची खोकी बांधली, पदर खोचला आणि गाडी काढली. माहेरी असताना ती अप्पांची जीप चालवायची. स्टिअरिंगची तिला भीती नव्हती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा केस विस्कटलेले, तोंडावर धुळीचा थर आणि ओठ गच्च मिटलेले. उमाशंकर धावत बाहेर आला. "माल पोचला?"

"पोचला."

"गाडी कुठं बंद पडली काय?"

"न्हाय."

"मग झालं काय?"

ती घटाघटा पाणी प्यायली. "तुळजापूरच्या अलीकडं चढ लागतोय बगा. तिथं येका दूधवाल्यानं मला मागं टाकलं."

"टाकू दे की. मोटारसायकलवर असंल."

"लुनावर होता! दोनी बाजूनं दुधाचे क्यान लटकवलेले!" श्रीदेवीचा आवाज चढला. "आन् नुसतं मागं टाकलं न्हाय. पुढं जाऊन वळून बघितलं आन् हात केला मला!"

ती तडक गोठ्यामागे गेली आणि तिने ताडपत्री ओढून काढली. तिन्ही इंजिनं उघडी पडली. ती वाकली, एकेकाकडे निरखून पाहू लागली, कधी बोटाने ठोकून, कधी मान तिरकी करून.

"अप्पांचं दमाचं हाय, म्या चालवलंय ते, पर जड पडंल. मामांचं तर कामाचंच न्हाय. अमरसिंहरावांच्या ह्याला ताकद किती हाय म्हनलाव? आन् ह्या वायरी कुणाला समजतेत? सोलापुरात कुणी असंल का?"

"अगं, आता कशाला?" उमाशंकर म्हणाला आणि स्वतःचाच सुखी, सुस्त आवाज ऐकून तो चकित झाला. "हाय ते चांगलं चाललंय की. काय कमी हाय त्याला?"

श्रीदेवीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती कीव होती.

"तुमाला हात केला नव्हता त्यानं," ती म्हणाली आणि पुन्हा इंजिनांवर वाकली.